सुपात पालथा घातलेला प्रिंटर

माझ्या सासूबाई खंडेनवमीला कशाकशाला हळदकुंकू लावतील याचा भरवसा नसायचा. विळा, कोयता, खुरपं ही तर ठरलेलीच. जमीन कंपन्यांत जाऊन जमाना झाला होता, तरी ती हत्यारं वर्षातून एकदा माळ्यावरून खाली उतरायची, चिंचेनं घासून लखलखीत व्हायची आणि पाटावर मांडली जायची. त्यांच्या शेजारी आमच्या ह्यांची पान्यांची पेटी, मग स्कूटर, मग मिक्सर, पाण्याची मोटर, पुरणयंत्र. एका वर्षी त्यांनी विजेच्या मीटरलाही झेंडूचं फूल खोचलं होतं, आणि रीडिंग घ्यायला आलेला माणूस चपला काढून मीटरसमोर उभा राहिला होता. मला ह्या सगळ्याचं हसू यायचं, तोंडाला पदर लावून हसायचे. ज्या वर्षाची गोष्ट सांगायला बसले आहे, त्या वर्षी मात्र हसले नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जितकी तळमळले, तितकी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीही तळमळले नव्हते.

आमचं घर कासारवाडीत, रुळांपासून दोन गल्ल्या अलीकडं. तीन खोल्या एकामागं एक. लोणावळ्याची गाडी गेली की मांडणीवरची ताटं एकमेकांना धक्के द्यायची, आणि ती शांत होईतो कुठल्या तरी कंपनीचा भोंगा व्हायचा. आमचे हे चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला. कंपनीची बस नाशिक फाट्यावर यायची, एक आठवडा पहाटे, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. त्यामुळं घरात कुणीतरी कायम झोपलेलं असायचं आणि बाकीचे कायम हळू बोलायचे. भांडं हळू ठेव, रेडिओ हळू लाव, फोडणी दार लावून दे. माझ्यासारख्या बाईला ही मोठीच शिक्षा होती. माझं माहेर चाकणच्याही पलीकडं, मोकळ्या रानातलं. ह्या बांधावरून त्या बांधाला हाक मारून बोलायची सवय. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे, येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमच्या सुमनच्या बुडाला काटं हायत. बसती म्हून न्हाई." खरंच होतं ते. दुपारी सगळी कामं उरकली, लेक शाळेत गेली, की मी ह्या दारातून त्या दारात फिरत राहायचे. कशासाठी, ते मलाच ठाऊक नसायचं. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि त्या परीक्षेचा कागद ट्रंकेच्या तळाशी. लोक म्हणतात, माणूस विसाव्या-एकविसाव्या वर्षी मोठं होतं. मी तिशी उलटल्यावर मोठी झाले, आणि त्याचा बराचसा भार एका प्रिंटरवर आहे.

तो प्रिंटर माझ्या धाकट्या दिरानं आणलेला. कॉम्प्युटरचा क्लास केला, नवा संच घेतला, सहा महिने खटाखटा बडवला, आणि नोकरी लागल्यावर बंगळूरला निघून गेला. संच राहिला मधल्या खोलीत ट्रंकेवर, क्रोशाच्या रुमालाखाली. मी आधी नुसती धूळ पुसायचे. मग एके दुपारी चालू करून पाहिला. मग शब्दकोश घेऊन त्याचं इंग्रजी पुस्तक वाचायला बसले. दिवसाला एक पान, कधी अर्धंच. मराठी अक्षरं कुठल्या बटणाखाली आहेत त्याचा तक्ता करून भिंतीला डकवला. तीन-चार महिन्यांत मला येऊ लागलं. आळीतल्या पोरांचे बायोडाटे, कुणाच्या मुलीची लग्नासाठीची माहिती, सोसायटीची पाण्याची नोटीस, असं काहीबाही यायला लागलं. मी करून द्यायचे. दारात माणूस उभा राहून म्हणायचा, "सुमनवहिनी हायत का?" त्याआधी त्या घरात माझ्या नावानं कुणी आलं नव्हतं हो. येणारा प्रत्येक जण ह्यांना विचारत यायचा, नाहीतर आत्यांना.

आत्यांना तो प्रिंटर आवडत नाही असंच मी धरून चालले होते. त्याची शाईची गाडी आत डावीकडून उजवीकडं पळायला लागली की त्या कानावर हात ठेवायच्या. "लागली का तुझी खरखरी? जरा डोळा लागला हुता माझा." आणि ह्यांचं वेगळंच होतं. हे पत्रा दाबणाऱ्या दोन-दोनशे टनांच्या प्रेसवर काम करणारे. त्यांच्या लेखी लोखंड असेल ती मशीन, बाकी सगळं कचकड्याचं. श्रावणात कंपनीतल्या एका साहेबांच्या सत्यनारायणाची निमंत्रणं मी छापून द्यायची कबूल केली होती. त्याआधी महिनाभर मनीषाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, तापात प्रिंटरला हात लागला नव्हता, आणि शाई वाळून बसली. पानावर नुसत्या पांढऱ्या रेघा. हे साहेबांपुढं तोंडघशी पडले. घरी येऊन चप्पलही न काढता म्हणाले, "आणखी एकदा हे खेळणं बिघडलं ना, तर साळुंख्याला देऊन टाकतो. त्याच्या घरी शिलाई मशीन पडून आहे, तो बदल्यात द्यायला तयार आहे. बाईमाणसाच्या उपयोगाची तरी वस्तू येईल." साळुंखे म्हणजे ह्यांचे मित्र. त्या दिवसापासून प्रिंटरनं नेहमीपेक्षा जरा वेगळा आवाज काढला तरी मी धास्तावून, हातातलं टाकून त्याच्याकडं धावायचे. ओल्या कापडाची घडी गरम करून तिच्यावर शाईची डबी टेकवायची, म्हणजे वाळलेली तोंडं मोकळी होतात, हेही मी त्याच भीतीनं शिकले.

आणि अशात दसऱ्याच्या आधी मनीषाच्या शाळेच्या मोठ्या बाई आमच्याकडं आल्या. मुख्याध्यापक बाईंना आम्ही मोठ्या बाईच म्हणायचो. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "सुमनताई, सहामाहीचे पेपर तुम्ही कराल का? मागच्या वर्षी बाहेर छापायला दिले, तर परीक्षेआधीच पोरांच्या हातात होते. तुमची मुलगी पहिलीत, तिला लेखी पेपर नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत." पाचवी ते सातवीचे बारा पेपर, वीसेक पानं. एकेक मूळ प्रत मी काढायची, पुढच्या प्रती त्या शाळेत कोंडून घेऊन काढणार. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायच्या निमित्तानं येऊन घेऊन जाणार, म्हणजे कुणाला संशय नको. आणि जाता जाता म्हणाल्या, "हे नीट झालं तर शाळेचं सगळंच काम तुमच्याकडं." मी हो म्हटलं. दार लावलं आणि तिन्ही खोल्यांतून दोनदा फिरून आले.

टाइप करून झालं अष्टमीला. नवमीला सकाळी छापायचं असं ठरवलं होतं. पण नळाला पाणी आलं, मी हंडे भरायला गेले, आणि परत येते तो आत्यांनी पूजा उरकलेली. पाटावर विळा-कोयता, पेटी, मोटर, आणि ट्रंकेवर माझा प्रिंटर, कपाळाला कुंकवाचा टिळा लावून, झेंडूची माळ घालून बसलेला. मी म्हटलं, "आत्या, मला आज काम होतं ह्यावर."

"आज? आज हत्याराला हात लावत्यात व्हय? पूजा उतरली की उद्या घे. बाळूनं तरी पाना उचललाय का?"

बाळू म्हणजे आमचे हे. त्यांनी पाना उचलला नव्हता हे खरं होतं. कारखान्यांच्या ह्या सबंध पट्ट्यात त्या दिवशी कुणी उचलत नाही; कंपनीतसुद्धा प्रेसला हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून सगळे घरी येतात. मी हंडे जागेवर ठेवले. वीस पानांना लागतो किती वेळ, म्हटलं, उद्या सकाळी तासाभरात काढून टाकू. ती रात्र मी कशीतरी काढली.

दसऱ्याच्या सकाळी सगळा परिसर असा शांत असतो की कानाला चुकल्यासारखं होतं. भोंगा नाही, बस नाही. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, गूळ-वेलदोड्याचा वास सुटला होता. मी पुरणयंत्र फिरवत होते, पण लक्ष सगळं मधल्या खोलीत. हिसक्यानं फिरवायला गेले तर डाळीचा खडा अडकून दांडा अडला. मी आणखी जोर लावला. आत्या कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, "जोर नगं लावूस. अडकलं की उलटं फिरवावं. पुढं रेटून कधी काय सुटलंय का?" उलटं फिरवलं, खडा सुटला. नैवेद्य झाला, पूजा उतरली, आणि मी ओल्या हातानंच प्रिंटरकडं धावले.

चालू केला. पान लावलं. आतून आवाज आला तो नेहमीचा नाही. दाताखाली खडा आल्यासारखा, कर्र कर्र. पान तिरकं आत ओढलं गेलं, चुरगळलं, आणि नारिंगी दिवा उघडमीट करायला लागला. पान उपसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पान पुढच्या बाजूनं फाटूनच बाहेर आलं.  त्यातून, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मला इथून ऐकायला येतंय. बेअरिंग गेल्यासारखा आवाज आहे." हे उठून आले. आयुष्य आवाजावरून बिघाड ओळखण्यात गेलेलं माणूस. कान लावून ऐकलं, झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं. "कोरडं पडलंय सगळं. बघ, हा दांडा बघ, ह्याच्यावरून ती गाडी सरकते. तेलाचा थेंब नाही. मशीनला तेल नको? माणसाला जेवण नको?"

"अहो, राहू द्या, पुस्तकात काय दिलंय ते बघते मी."

"पुस्तकात बघून मशीन दुरुस्त होते का? सरक."

पेटी उघडली गेली. कंपनीतून आणलेली तेलाची बुदली निघाली. त्यांनी दांड्याला भरघोस तेल दिलं आणि जे ओघळलं ते चिंधीनं पुसून घेतलं, दांडा, आजूबाजूचं, वरची पट्टी, सगळं चकचकीत. त्यांचा हात फार प्रेमळ चालतो मशीनवर, हे मला कबूल केलंच पाहिजे. मग म्हणाले, "आता लाव." मी लावलं. कर्र कर्र तर होतंच, वर आता गाडी वेड लागल्यासारखी सुसाट सुटली आणि उजव्या भिंतीवर जाऊन आदळली. धाड. परत डावीकडं. धाड. दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. मी वायरच उपटली.

हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "संपलं हे," म्हणाले. "बरं झालं. साळुंखे संध्याकाळी सोनं द्यायला येणारच आहे. शिलाई मशीन टेम्पोत घालूनच आण म्हणून सांगतो."

"आणि पेपर?"

"मोठ्या बाईंना सांगू बिघडलं म्हणून. बिघडतं माणसाचंसुद्धा."

सणाचा दिवस, दुकानं सगळी बंद. आणि उघडी असती तरी परक्याच्या दुकानात ते पेपर मी कसे उघडणार होते? मला ओरडावंसं वाटत होतं, आणि लग्नापासूनची हळू बोलायची सवय आडवी येत होती. शेवटी मी हळूच म्हटलं, "तुम्ही आपट्याची पानं आणायला जा. आणि संध्याकाळपर्यंत ह्याला हात लावू नका." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग पिशवी घेऊन, मनीषाला पुढ्यात उभं करून, स्कूटरवरून गेले.

पुढचा अर्धा तास मी काहीही उपयोगाचं केलं नाही. मोरीत जाऊन पाय धुतले. खिडकी उघडली, बंद केली. पुस्तकाची पानं मागंपुढं केली. मोठ्या बाई दारात उभ्या आहेत आणि मी रिकाम्या हातानं त्यांच्याकडं बघते आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. शाळेची, नोकरीची, कशाकशाची म्हणून दारं माझ्यासमोर बंद झाली होती. पण ती दुसऱ्यांनी लावलेली. हे मात्र मी स्वतः होय म्हणून घेतलेलं काम होतं. फिरता फिरता नजर स्वयंपाकघरात वाळत घातलेल्या पुरणयंत्रावर गेली. अडकलं की उलटं फिरवावं. मी परत येऊन ट्रंकेपाशी बसले. शाईच्या दोन्ही डब्या काढून ओल्या कापडावर वाटीत ठेवल्या. प्रिंटरच्या बाजूला एक दातेरी चाक दिसत होतं, ते बोटानं हळूहळू उलटं फिरवलं. चार दाते फिरलं आणि आत काहीतरी घरंगळलं. बारीक, कोरडा आवाज. हा लोखंडाचा नाही, प्लास्टिकचा नाही. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते.

उठले, भिंतीवरचं सूप काढलं, जमिनीवर ठेवलं, आणि प्रिंटर दोन्ही हातांनी उचलून त्याच्यावर पालथा घातला.

"अगं अगं अगं!" आत्या दारात. "पुजलेल्या मशीनला पालथं घालतीस? सणासुदीचं?"

मी हलवला. सुपात पहिल्यांदा झेंडूची एक पाकळी पडली. मग टप टप टप, तांदूळ. हळदकुंकवानं माखलेले, लालपिवळे तांदूळ. एक-दोन नाही, चांगले मूठभर. मग एक सुपारीचं खांड. एवढं सगळं वाऱ्यानं जात नाही, उडून पडत नाही. मी वर बघितलं. आत्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आत्या, हे काय आहे?"

"वटी."

"कुणाची?"

"तिची." त्या खाली बसल्या, माझ्याकडं न बघता सुपातले दाणे बोटानं एकत्र करायला लागल्या. "बाळू म्हणला व्हता, साळुंक्याला देणार. म्या म्हणलं, झालं हिचं. आज न्हाई तर उद्या जायाचीच. इतकी वर्सं घरात ऱ्हायली, तुझ्या हाताखाली राबली. लेक घरातनं निघाली तर रिकामी धाडत्यात व्हय? तिला पदर न्हाई, मग जिथनं कागद घालतीस तिथं घातली."

काय बोलायचं अशा बाईला?  ज्या खरखरीला आत्या कानावर हात ठेवायच्या, तिलाच त्या लेक समजत होत्या. आणि मला न विचारता सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की ती जाणार. ह्यांनी बोलून आणि आत्यांनी ओटी भरून. मी रडले की हसले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "आत्या, ती जाणार नाही." आणि त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाईस का? तांदूळ वाया घालवलं."

डब्या परत बसवून, वायर जोडून चालू केला, तर पान आता सरळ आत जायला लागलं. पण गाडी तशीच धडका मारत होती. म्हणजे ते दुखणं तांदळाचं नव्हतं, ते सकाळी नव्यानं जडलं होतं. वायर काढून मी पुस्तक उघडलं. शब्दकोश बघून मीच पेन्सिलीनं रेघ मारलेली एक ओळ होती: आतल्या पारदर्शक पट्टीला हात लावू नये. का लावू नये ते लिहिलेलं नव्हतं. मी खिडकीचा उजेड आत पडेल असा प्रिंटर फिरवला. दांड्याच्या वर एक पातळ, काचेसारखी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली होती. तिच्यावर केसाहून बारीक उभ्या रेघा, जवळजवळ, हजारोंनी. अर्ध्या पट्टीवर त्या स्वच्छ दिसत होत्या. उरलेल्या अर्ध्या पट्टीवर तेलाचा फराटा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी ह्या रेघा मोजत चालते. आपण कुठं आहोत हे तिला त्या रेघांवरूनच कळतं. ह्यांच्या प्रेमळ हातानं तिच्या डोळ्यांत तेल घातलं होतं. भिंत दिसत नाही म्हणून ती भिंतीवर जाऊन आदळत होती.

"आत्या, मऊ कापड हवंय. अगदी मऊ, तंतू न सुटणारं." त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा वीतभर तुकडा फाडून आणला. हजारदा धुऊन सायीसारखा झालेला. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून पिळला. पट्टीचं एक टोक बारीक स्प्रिंगला अडकवलेलं होतं. ती निसटली किंवा पट्टी दुमडली, तर साळुंखे तो प्रिंटर भंगार म्हणूनही नेणार नव्हते. ज्या हातांना दिवसभर चैन नसे, ते हात मी पट्टीच्या वर धरले आणि नुसती बसून राहिले. लोणावळ्याची गाडी गेली. मांडणीवरची ताटं वाजली. ती थांबल्यावर मी चिमटीत कापड धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पुसलं, एकदाच, एकाच दिशेनं. मग दुसऱ्या कोरड्या तुकड्यानं. आत्या बाजूला बसून बघत होत्या. मी उजेडात पाहिलं. रेघा दिसल्या. सगळ्या.

वायर पुन्हा जोडली. गाडी हलली, जरा घुटमळली, आणि डावीकडून उजवीकडं शहाण्यासारखी गेली. धडक नाही, कर्रकर्र नाही. फक्त वळताना आत कुठंतरी एक बारीकसा टिक आवाज. एखादा दाणा राहिला असावा. पुन्हा पालथा घालायची माझी छाती झाली नाही. पहिली दोन पानं फिकी आली, तिसऱ्यावर पाचवीचं गणित उमटलं, काळंभोर.

"आता हे ठेवायचं कुठं?" मी म्हटलं. "हे येतील, मनीषा येईल, साळुंखे येतील. कुणी बघता कामा नये."

"आण हिकडं," आत्या म्हणाल्या. घोंगडीची घडी घातली, पानं तिच्याखाली सरकवली आणि वर मांडी घालून बसल्या. "मला वाचाया येत न्हाई. माज्यासारखी राखण कुठं मिळंल तुज्या बाईला?" मग एकेक पेपर निघेल तसा त्या बसल्या जागी किंचित कलायच्या, मी खाली सरकवायचे, त्या परत टेकायच्या.

शेवटचा पेपर निघाला तेव्हा दारात स्कूटर थांबली आणि तिच्यामागंच टेम्पोचा आवाज आला. साळुंखे सोनं घेऊन आत आले. "काय बाळासाहेब, राव! सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मग आत्यांच्या पाया पडायला वाकले. एरवी आत्या उठून उभ्या राहायच्या, आज ढिम्म हलल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. साळुंखे माझ्याकडं वळले, "वहिनी, शिलाई मशीन आणलंय बघा बाहेर. आमच्या हिचं माहेरचं आहे. हे घेऊन जाऊ का मग?"

ह्यांनी ट्रंकेकडं बघितलं. हिरवा दिवा शांत जळत होता. "चालू झालं?" त्यांनी मला विचारलं. "कशानं?"

तेल, पट्टी, धडका, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मित्रासमोर ते बोलायला मन होईना. मी म्हटलं, "तुम्ही आवाज ऐकूनच बिघाड ओळखता ना? तसाच मी ऐकला."  ट्रंकेवर त्यांच्या तेलाच्या चिंधीशेजारी पडलेल्या लुगड्याच्या तुकड्याकडं त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली. मशीनचा माणूस आहे. त्यांना कळायचं ते कळलं.

"मग काय ठरलं?" साळुंखे म्हणाले.

ह्यांच्या आधी आत्या बोलल्या. "साळुंके, तुमचं मशीन परत न्या. आमची न्हाई येत."

"का हो आई?"

"म्या तिची वटी भरली हुती, जाणार म्हून. तिनं समदी वटी भुईवर टाकली. एक दाणा ठिवला न्हाई." हाताशी ठेवलेलं सूप त्यांनी पुढं सरकवलं. लालपिवळे तांदूळ, सुपारी, पाकळी. "लेक वटी टाकती म्हंजी काय? तिला जायाचं न्हाई. आता तिला घराभाईर काढणारा म्या कोण, आन बाळू तरी कोण?"

साळुंखे सुपाकडं बघत राहिले. त्यांच्या घरातही म्हातारी माणसं होती, त्यामुळं ते हसले नाहीत. "असं असंल तर मग राहू दे, भावा," ह्यांना म्हणाले. "ह्याच्यात आपण पडायचं नाही." हे खाली मान घालून नुसतं "बरं" म्हणाले. मी पुरणपोळीचं ताट केलं, कटाची आमटी गरम केली. साळुंखे जेवून गेले. टेम्पो आला तसा गेला.

दिवेलागणीला मोठ्या बाई आल्या. मनीषाच्या हातावर सोनं ठेवलं, आत्यांच्या हातावर ठेवलं. मग माझ्याकडं नुसतं बघितलं. मी आत्यांकडं बघितलं. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, अख्ख्या दुपारनंतर पहिल्यांदा, आणि घोंगडी उचलून म्हणाल्या, "मोजून घ्या बाई. ऊब लागली असंल त्यास्नी, पण नजर न्हाई लागली कुणाची."

त्या शाळेचं काम पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडं राहिलं. नंतर दुसऱ्या शाळांचं आलं, दारावर पाटी लागली, मधली खोली माझी झाली. ह्यांनी त्यानंतर प्रिंटरला कधी हात लावला नाही; पण दर रविवारी मऊ कापडाचे दोन तुकडे धुऊन, वाळवून ट्रंकेवर ठेवलेले मला दिसायचे. कोण ठेवतं ते मी विचारलं नाही. आत्या खंडेनवमीला पूजेआधी प्रिंटरचं तोंड स्वच्छ रुमालानं बांधायच्या आणि मगच टिळा लावायच्या. आणि तो टिक आवाज शेवटपर्यंत राहिला. गाडी वळली की टिक. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय वाजतंय? मी म्हणायचे, त्याची सवय आहे.

पुढं नवे प्रिंटर आले आणि हा कोपऱ्यात गेला. एक दिवस भंगारवाला दारात आला. आत्या जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी क्रोशाचा रुमाल काढून घेतला, वायर गुंडाळली, कपाळावरचा जुना कुंकवाचा डाग अंगठ्यानं पुसायला गेले आणि पुसला नाही. भंगारवाल्यानं प्रिंटर उचलला, बगलेत मारला. आत काहीतरी घरंगळलं. तो थांबला. "मावशी, आत काहीतरी हाय. काढून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "असू दे. ते तिचंच आहे."